नम्रता कोणी कोणास सांगावी? : महाराष्ट्रातील पाळक व धर्मगुरूंस खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, धर्मगुरू व उपदेशक यांस,



आपणांस पत्र लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की, मी उपदेश ऐकणारा मनुष्य आहे. नगर जिल्ह्यातील एका मंडळीत वाढलो, पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईकडे राहिलो, सोयरिकीमुळे वसईच्या कॅथलिक चर्चमध्येही पुष्कळदा बसलो, आणि या सर्व ठिकाणी मराठीत होणारे उपदेश कान देऊन ऐकत आलो. आपल्या व्यासंगाविषयी व श्रमांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तुटपुंज्या मानधनावर आडगावच्या मंडळ्या सांभाळणाऱ्या पाळकांचे ऋण तर कोणत्याही जमाखर्चात मांडता येणार नाही. तथापि एका विषयावरील आपला उपदेश वर्षानुवर्षे भलत्याच माणसांस उद्देशून होत आहे असे माझे दृढ मत झाले असून, ते खासगीत मांडून पाहिले असता 'आपण याविषयी प्रार्थना करू या' याखेरीज उत्तर न मिळाल्यामुळे हे जाहीर पत्र लिहिणे भाग पडले. तो विषय म्हणजे मनुष्याचा गर्व, आणि त्या गर्वाच्याच पोटात दडलेली ती धास्ती, की आपण वस्तुतः कोणीच नाही, आज ना उद्या ते उघडकीस येईल, आणि मग आपणांस कोणी विचारणार नाही.

पहिली तक्रार श्रोत्यांच्या निवडीविषयी आहे. नम्रतेवर आपण बहुधा कोणापुढे बोलता, हे एकदा शांतपणे आठवून पाहावे. स्त्रियांच्या सभेत, तरुणांच्या शिबिरात, वसतिगृहातील मुलांसमोर, लग्नविधीत वधूकडे पाहून, आणि मंडळीच्या हिशेबाविषयी कोणी प्रश्न विचारला तर त्याच्या लगतच्या रविवारी. ज्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या भिंतीत बसविलेल्या आहेत, सणाच्या दिवशी ज्यांच्या खुर्च्या वेदीजवळ मांडल्या जातात, पंच कमिटीतील आपला हुद्दा राखण्यासाठी ज्यांनी भावाभावांतले खटले न्यायालयापर्यंत नेले, त्यांना उद्देशून विनयाचा विषय निघालेला माझ्या कानी क्वचितच आला. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी व जकातदार यांचा दाखला आपण सर्वजण सांगता. परंतु तो दाखला कोणास उद्देशून सांगितला गेला हे लूकने आरंभीच नमूद करून ठेवले आहे, आणि ते लोक म्हणजे स्वतःच्या पुण्याईवर विसंबून इतरांस तुच्छ मानणारे होते. दूर उभा राहून छाती बडवणाऱ्या त्या जकातदारास आणखी लीन होण्याचा हुकूम प्रभूने दिलेला नाही. तो निर्दोष ठरून घरी गेला, आणि तेथे त्याची गोष्ट संपली. आपल्या उपदेशांत मात्र त्याला घरी जाऊच दिले जात नाही. एकदा छाती बडवून झाली की पुन्हा बडव असे त्यास सांगितले जाते, आणि परूशी पहिल्या रांगेत बसून संमतीने मान डोलावीत असतो.

मरीयेच्या स्तोत्राचीही तीच गत आहे. नाताळच्या सुमारास ते प्रेमाने वाचले जाते, मरीयेच्या आज्ञाधारकपणावर सुंदर निरूपण होते. मात्र त्याच स्तोत्रात सत्ताधीश आसनावरून खाली येतात आणि धनवान रिकाम्या हातांनी परत पाठविले जातात, त्या ओळींपाशी उपदेशाची वेळ नेमकी संपते. माझी विनंती अशी की, निदान एक वर्षभर नम्रतेचा उपदेश मागच्या बाकांना करू नये. ज्यांनी आयुष्यभर मान खाली घातली, त्यांस मान वर करून देवाकडे पाहता येते ही वार्ता आधी पोहोचू द्यावी.

दुसरी तक्रार पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने मांडतो, कारण त्यांचे नाव आपल्या तोंडी वारंवार येते आणि बहुतेक वेळा ते अर्धेच येते. केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ मुलींसाठी झिजलेली, शुभ्र वस्त्रातील एक विनम्र साध्वी, एवढेच चित्र उपदेशातून उभे राहते. वस्तुतः १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाध्या दिल्या, ती स्त्री १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेऊन ज्या चर्चमध्ये आली, त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी तिचे पुढील काही वर्षांत किती खटके उडाले, हे वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांनी जतन केलेल्या व १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात कोणासही वाचता येईल. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असता, पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनी शिकविणे योग्य नव्हे, असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी घेतला. त्यावर, मायदेशी भर सभांतून पुरुषांपुढे बोललेल्या या बाईने, आपल्या कामाची सीमा बिशपांनी आखून द्यावी हे आपणांस मान्य नाही, अशा आशयाचे उत्तर धाडले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यासही त्यांनी हरकत घेतली. आपणांस व आपल्या लोकांस न समजणाऱ्या त्या भाषेपेक्षा तेथे संस्कृत असावे, असे त्यांचे म्हणणे. सिस्टर जेराल्डिनना यात गर्व दिसला, स्वैर वृत्ती दिसली, आणि तो दोष त्यांनी लेखी दाखवूनही दिला.

आता पुढचा भाग पाहावा. रमाबाईंनी स्वतःच उत्तरकाळी लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. हे लिहिणे सोपे नाही. ज्या बाप्तिस्म्यामुळे पुण्यातील सुधारक दुरावले, ज्याचे समर्थन साऱ्या जगापुढे करावे लागले, त्याच बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या पदरी काय नव्हते हे छापून सांगण्यास, लोकांच्या मताची मातब्बरी मनातून पूर्णपणे उतरलेली असावी लागते. आणि त्यानंतरचे त्यांचे कार्य पाहावे : १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, केडगावच्या माळावरची शेती, छापखाना, आणि वयाच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर. शास्त्रीपंडितांशी ज्या स्त्रीने संस्कृतात वाद घातला, तिने त्या भाषांतरासाठी आपली सारी पंडिताई बाजूस ठेवून, खेड्यातील निरक्षर बाईस ऐकताक्षणी कळेल अशी मराठी निवडली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून आला तो १९२४ साली.

बिशपांपुढे न वाकणारी रमाबाई आणि केडगावच्या मुलींसाठी शब्द सोपे करीत बसलेली रमाबाई या दोन भिन्न स्त्रिया नव्हत. जिला आपली किंमत बिशपांकडून ठरवून घ्यायची नव्हती, तिलाच ती मुलींकडूनही वसूल करावी लागली नाही. आपण उपदेशात दुसरी रमाबाई तेवढी दाखविता व पहिलीस झाकून ठेविता, यामुळे विश्वासाने गर्व नाहीसा होतो म्हणजे वरिष्ठांस होकार देण्याची सवय लागते, अशी समजूत मंडळीत रुजली आहे. कृपया संपूर्ण रमाबाई सांगाव्या. रेव्हरंड टिळकांविषयीही तेच. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीचे जात्यभिमान सोडण्याचे कौतुक आपण करता. पण त्यांनीच १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून, बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा एकत्र 'देवाचा दरबार' मांडला, त्याचा अर्थ मिशनच्या संस्थांतून वाढलेल्या आम्हा लोकांस कोणी समजावून सांगत नाही.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे वळतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगावर दर वर्षी पवित्र सप्ताहातील गुरुवारी निरूपण होते. (ज्यांचे पाय धुवायचे त्या बारा जणांची यादी लावण्यावरून मंडळीत केवढे रुसवेफुगवे होतात, आणि यादीत नाव आलेले सद्गृहस्थ घरून किती स्वच्छ पाय धुऊन येतात, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक असेल.) त्या अध्यायात कंबरेला रुमाल बांधण्याच्या आधी योहानाने एक गोष्ट मुद्दाम सांगितली आहे, ती अशी की, आपण कोठून आलो, कोठे जाणार आणि आपल्या हाती काय सोपविले आहे, याची येशूस पूर्ण जाणीव होती. हे वाक्य पुष्कळ उपदेशक ओलांडून थेट घंगाळाकडे जातात. माझ्या अल्प मतीस मात्र सारी किल्ली तेथे दिसते. ज्याला आपले मूळ व आपली अखेर निश्चित ठाऊक आहे, तोच गुलामाचे काम करूनही लहान होत नाही. आणि ज्याला ते ठाऊक नाही त्यास नम्रतेची आज्ञा केली, तर तो एक तर ढोंग करील किंवा खचून जाईल. आधी आश्वासन, मग रुमाल, असा क्रम योहानाने दिलेला असता आपण तो उलटा का केला?

त्याच अध्यायातील पेत्राकडे पाहावे. प्रभूने आपले पाय धुवावे हे तो प्रथम साफ नाकारतो, आणि दिसायला तो विनय दिसतो. परंतु प्रभूचे म्हणणे न मानता स्वतःच्या कल्पनेतील गुरुशिष्यांची पायरी राखण्याचा तो हट्ट आहे. हाच मनुष्य त्या रात्री सर्वांनी सोडले तरी आपण सोडणार नाही असे बजावतो आणि पहाटेच्या आत शेकोटीपाशी एका दासीच्या प्रश्नाला भिऊन ओळख नाकारतो. बढाई आणि भीती यांत काही तासांचे अंतर होते. बढाई इतरांच्या तुलनेवर उभी होती, आणि भीती इतरांच्या नजरेची होती; दोन्ही वेळा पेत्राचे मूल्य ठरविणारे लोकच होते. म्हणून सरोवराच्या काठी उठलेल्या प्रभूने त्याला तीनदा विचारले ते प्रेमाविषयी. 'यांच्यापेक्षा अधिक?' हा तुलनेचा शब्द पहिल्या प्रश्नात आहे, आणि पेत्राने उत्तर देताना ती तुलना सोडून दिली आहे.

तरीही पेत्र एकदम निर्भय झाला असे मात्र नाही, आणि येथे मराठी मंडळीशी थेट संबंध येतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने अंत्युखियातील जी हकिकत दिली आहे, ती आमच्या भाषेत पंक्तिभेदाची हकिकत आहे. परजातीय बंधूंबरोबर एका पंगतीस बसणारा पेत्र, यरुशलेमाहून याकोबाकडील माणसे येताच, ते काय म्हणतील या भयाने हळूच वेगळा झाला. त्याच्यामागून बर्णबाही गेला. आणि पौलाने त्यास सर्वांदेखत जाब विचारला. पेत्राला ते परजातीय लोक अपवित्र वाटत नव्हते. त्याला फक्त आपल्या माणसांपुढे कमी ठरायचे नव्हते. पण त्याच्या या धास्तीमुळे ताटावरून ज्यांस उठविल्यासारखे झाले, त्यांच्या वाट्यास आलेला अपमान अभिमानी माणसाने केलेल्या अपमानाहून रतिभरही कमी नव्हता. हा अध्याय मराठी व्यासपीठावरून मी फार थोड्या वेळा ऐकला, आणि सोयरीक जमविताना पूर्वाश्रमीची जात विचारणाऱ्या आमच्या घरांसमोर तो एकदाही ऐकला नाही. बामण ख्रिस्ती, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती, वाडवळ, सामवेदी हे शब्द आमच्या घरांतून अजून गेलेले नाहीत, आणि त्यांतील काही शब्द ताठ मानेने तर काही खालच्या आवाजात उच्चारले जातात, हे आपण जाणता.

याच संदर्भात जातीच्या दाखल्यांचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती झालेल्यांस ते मिळालेले नाही. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या दप्तरात दुसरा, अशा दुहेरी नोंदीत आमची कितीतरी मुले वाढतात, आणि कचेरीत एकदा व उपासनेत एकदा, अशी दोनदा ओशाळतात. या मुलांस व्यासपीठावरून 'ख्रिस्ताची लाज वाटते काय?' असे खडसावणाऱ्या उपदेशकास मी नम्रपणे विचारतो की, त्यांच्या शिक्षणाच्या शुल्काची तजवीज आपल्या मंडळीने केली आहे काय? केली असल्यास खडसावण्याचा आपला अधिकार मी मान्य करतो.

आत्मविश्वासाच्या नव्या उपदेशाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यात थोडक्याहून अधिक काही नाही. अलीकडे महोत्सवांतून व पटांगणांतील सभांतून, तुम्ही विजयी आहात, तुम्ही डोके आहात शेपूट नव्हे, तुमच्यासाठी सर्वोत्तम राखून ठेविले आहे, अशा घोषणा श्रोत्यांकडून वदवून घेतल्या जातात. दोन तास लोक उत्साहात असतात. सोमवारी कर्जाचा हप्ता येतो, आणि मग विजय न दिसल्याचा दोष त्यांच्याच अल्पविश्वासावर टाकला जातो. जळत्या झुडपापुढे मोशेने आपली जीभ जड असल्याचे सांगितले, तेव्हा तू उत्तम वक्ता आहेस अशी त्याची समजूत देवाने घातली नाही. मी तुझ्याबरोबर असेन असे सांगितले आणि सोबतीस अहरोन दिला. रानातल्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीयास तर प्रथम कोणताच उपदेश मिळाला नाही. त्यास झोप मिळाली, निखाऱ्यावरची भाकर मिळाली, पाण्याची सुरई मिळाली, पुन्हा झोप मिळाली. प्रश्न पुढे होरेबावर विचारला गेला. खचलेला मनुष्य आपल्याकडे आला असता वचनांची यादी हाती देण्यापूर्वी तो जेवला आहे काय, झोपतो काय, त्याला डॉक्टरची गरज आहे काय, एवढे आपण विचारावे अशी माझी प्रार्थना आहे, आणि मनाच्या आजारास सैतानाचे काम म्हणून जाहीर करण्याची प्रथा तर आजच बंद करावी.

शेवटची तक्रार साक्षींविषयी. पूर्वायुष्यातील पापांचे वर्णन जितके भडक तितकी साक्ष प्रभावी, असा एक दंडक होऊन बसला आहे. त्यामुळे साधेपणाने जगलेली विधवा आपणांस सांगण्यासारखे काहीच नाही म्हणून गप्प बसते, आणि बोलका मनुष्य आपल्या पापांचाही डौल मिरवितो. प्रत्येक साक्षीत वक्ता पूर्वी वाईट असतो आणि आता उत्तम असतो. आजही मला राग येतो, आजही शेजाऱ्याची नवी गाडी पाहून माझे मन खट्टू होते, असे म्हणण्यास त्या साच्यात जागाच ठेविलेली नाही. मराठीत याला उतारा उपलब्ध असताना आपण तो वापरीत नाही याचे आश्चर्य वाटते. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, १९०० साली बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईने आपले सोवळेओवळे, आपले भाबडेपण, नवऱ्याचा शीघ्रकोप व त्याची उधळी उदारता हे सर्व ज्या मोकळेपणाने सांगितले आहे, त्यात स्वतःस हुतात्मा ठरविण्याचा सोस नाही आणि नवऱ्यास संत ठरविण्याचाही नाही. त्या स्वतःस हसतात, आणि ते हसू कडवट होत नाही. जिने शाळेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, तिने आपले अज्ञान लपविण्याची खटपट केली असती तर त्या ग्रंथाचे एक पानही वाचनीय झाले नसते. साक्ष कशी द्यावी हे शिकविणाऱ्या पुस्तिका परदेशी भाषांतून आणून वाटण्याऐवजी, प्रत्येक सेमिनरीत व धर्मशिक्षणाच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' सक्तीने वाचून घ्यावी, असा माझा अर्ज आहे.

आपणही माणसेच आहात हे मी विसरलेलो नाही. बदलीची धास्ती, धर्मप्रांताच्या कचेरीतील मर्जी-गैरमर्जी, शेजारच्या नव्या मंडळीकडे वळणारी तरुण कुटुंबे, मोठ्या देणगीदाराचे फुगलेले तोंड, या सर्वांचे ओझे वाहत आपण रविवारी उभे राहता. पण यांपैकी एकाही गोष्टीचा उच्चार व्यासपीठावरून होत नाही, आणि त्यामुळे आम्हांस वाटते की पाळकाला भीती नसते, तर मग भीती हा केवळ आमचाच गुन्हा आहे. पौलाने करिंथकरांस आपले दौर्बल्य, आपले भय, आपल्या देहातील काटा हे लेखी कळविले, आणि तरीही तुमच्या न्यायनिवाड्याची मला फारशी पर्वा नाही, असेही त्याच लोकांस कळविले. या दोन गोष्टी एका पत्रव्यवहारात मावतात, तर एका उपदेशात का मावू नयेत?

म्हणून येत्या पवित्र गुरुवारी बारा जणांची यादी लावताना पंच कमिटीस विचारू नये. प्रार्थनागृह झाडणाऱ्या बाईस विचारावे, आणि तिने नावे दिली की त्यांत बदल करू नये. वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्यास लगतच्या रविवारी उपदेशाचा विषय करू नये. आणि या पत्रास उत्तर देण्याची इच्छा झाल्यास ते लेखी द्यावे. व्यासपीठावरूनच द्यावयाचे ठरल्यास, उपदेश संपताच पाच मिनिटे उभे राहून बोलण्याची मुभा मला असावी.

कळावे, लोभ असावा.

प्रभूमधील आपला बंधू,
मागच्या बाकावरील एक सभासद